काचेबाहेरचे सुकलाल आबा

‘शांतता राखा’ अशी हिरव्या अक्षरांची पाटी ज्या भिंतीवर होती, तिच्याच खाली स्टूल टाकून सुकलाल आबा बसायचे, आणि त्या अख्ख्या दवाखान्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर ‘बठा’ म्हटलं की तळमजल्यावर केसपेपर काढायला उभी असलेली माणसं बसायची. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हळू बोलायला सांगून पाहिलं, सिस्टरनी हात जोडून पाहिले, एकदा ट्रस्टी येऊन समजावून गेले. आबा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, म्हणजे ऐकल्यासारखी मान हलवायचे, आणि त्याच पट्टीत म्हणायचे की बरोबर आहे साहेब, इथं आवाज नकोच.

हे सुरतेतलं, नव्वदीतलं. आम्ही नवागामला राहायचो, आमचे हे लूमच्या खात्यात पाळीवर जायचे. खातं म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. सुरतेत कोणी कारखाना म्हणत नाही. माझी पोर सातव्या महिन्यातच झाली. सव्वा किलोला जरा कमी. मी तिला नीट पाहिलंसुद्धा नव्हतं तेवढ्यात कोणीतरी तिला कापसात गुंडाळून उचललं, आणि मी शुद्धीवर येऊन विचारते तर सगळे एकच सांगतात, पेटीत ठेवलंय. काचेची पेटी, वर दिवा, बाजूला हात घालायला दोन गोल भोकं. अशा सहा पेट्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होत्या. खोलीला बाहेरच्या बाजूनं मोठी काच, काचेला आतून पडदा, आणि काचेबाहेर स्टुलावर आबा.

माझी पोर तीन नंबरच्या पेटीत होती. कागदावर तिचं नाव नव्हतं, ‘बेबी ऑफ सुनंदा’ एवढंच लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी यांना सांगितलं की आधी दोन दिवस जाऊ देत, मग आठवडा बघू, मग पुढचं बोलू. सासूबाईंनी त्याचा अर्थ बरोबर लावला आणि बजावलं की नावाची घाई कोणी करायची नाही. ती जगते की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता, आणि तो सोडून आम्ही सगळ्यावर बोलायचो. भाजीवर, नळाच्या पाण्यावर, शेजारणीच्या टीव्हीवर.

आता आबांकडे येते, नाहीतर मी माझंच रडगाणं गाईन.

आबा मूळ पारोळ्याकडचे. बावीस वर्षं लूमवर काढली. ज्यांनी लूमचं खातं आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगते, तिथं शेजारच्या माणसानं कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही. खटाखट खटाखट, दिवसभर. त्यामुळे तिथले कारागीर तोंडानं बोलतात पण कानानं ऐकत नाहीत, एकमेकांचे ओठ बघतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळं ओठांवर नाहीतर हातांवर. आबांचे कान त्या खात्यानं खाल्ले आणि डोळे तयार करून दिले. वय झाल्यावर कुणीतरी त्यांना दवाखान्यात चौकीदार म्हणून लावलं, आणि ज्यानं लावलं त्याला कल्पना नव्हती की आपण काय करून ठेवलंय. कारण काचेच्या आत डॉक्टरीणबाई सिस्टरशी काय बोलतात ते बाहेर कोणालाच ऐकू येत नसे, पण आबांना दिसत असे.

रोज अकरा वाजता डॉक्टरीणबाईंचा राउंड. नियम असा की राउंडच्या वेळी पडदा ओढलेला पाहिजे. आबा पडदा ओढायला आत सिस्टरना खूण करायचे, पण एक वीतभर फट राहायचीच. त्यांनी त्या पडद्याच्या कड्या अशा काही बसवून घेतल्या होत्या की तो पुढे सरकायचाच नाही. मग आबा फटीशी उभे राहायचे, आणि मागे बाकड्यावर आम्ही पाचसहा बाया पदर तोंडात धरून बसायचो. आबा मान न वळवता सांगायचे. एक नंबर, नळीतून दूध वाढवलं. दोन नंबर, कावीळ उतरतेय. चार नंबरच्या बापाला रक्त द्यायला बोलवा. आकाशवाणीवर बातम्या सांगतात तशा, फक्त आवाज दहा पट. जाड काचेआड डॉक्टरीणबाईंना ते ऐकू जात नसे, त्यांना वाटायचं की ह्या अडाणी बाया फार समंजस आहेत, काही विचारतच नाहीत. अहो, विचारायचं काय, सगळं ऐकून झालेलं असायचं.

डॉक्टरीणबाई गुजरातीत बोलल्या की आबांना अडचण नव्हती. हिंदीतही नाही. इंग्रजीत बोलल्या की मात्र आबा गप्प व्हायचे. मी एकदा विचारलं, आबा, इंग्रजीचं काय करता? तर म्हणाले, इंग्रजी ओठ आपल्याला येत नाहीत, पण इंग्रजी बोलताना बाई मान कुठं हलवते ते येतं. हो म्हणते की नाही म्हणते, तेवढं पुरतं.

मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा त्यांनी मला दारातच अडवलं. मी बाळंतीण, अंगात त्राण नाही, भिंत धरून उभी. आबा म्हणाले, "नखं दखाड, पोरी." मी हात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दहाही बोटं तपासली आणि खिशातून नेलकटर काढून दिलं. मग साबण. मग पुन्हा साबण. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं हे इथले मोठे डॉक्टर असतील. खाकी शर्ट होता, पण मोठ्या डॉक्टरांचे काय कपडे असतात ते मला कुठं ठाऊक होतं! मी वाकून पाया पडले. आबांनी आशीर्वाद दिला आणि मला हात चौथ्यांदा धुवायला लावले, कारण पाया पडताना फरशीला लागले होते.

आईला आत जायची परवानगी दिवसातून दोनदा, सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. बापाला फक्त काचेतून, तेही रविवारी. बाकी नातेवाइकांनी यायचं नाही असा नियम होता, पण हे आमच्या सासूबाईंना कोण सांगणार? त्या तिसऱ्या दिवशी नऊवारी खोचून, कमरेला एक मिश्रीची आणि एक काजळाची डबी, अशा थेट दारावर आल्या. आबा आडवे आले. मग तिथं जे झालं ते मी आयुष्यात विसरायची नाही. सासूबाईंचं म्हणणं, मी सहा पोरं घरात बाळंत झाले, मला कोण शिकवतो. आबांचं म्हणणं, सहा झालीत तर आता सातवीला सुखानं राहू द्या. सासूबाई म्हणाल्या, पोरीला काळं लावायचंय, सात महिन्यांचं पोर, सगळ्या जगाची नजर. आबा म्हणाले, आत काजळ चालत नाही. सासूबाई म्हणाल्या, मग नजर चालते का?

यावर आबांकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं. मग त्यांनी सासूबाईंना काचेशी नेलं, तीन नंबरची पेटी दाखवली आणि म्हणाले, बाई, इथून एक डोळा मिटून बघ, पेटी दिसते? आता जिथं पोरीचं डोकं दिसतं ना, तिथं काचेवर लाव तुझं काळं. नजर जाणार ती काचेतूनच ना?

सासूबाईंना पटलं. त्यांनी डोळा मिटला, बोटानं काजळ काढलं आणि काचेवर ठसठशीत ठिपका दिला. तीन दिवसांत त्या काचेवर सहा पोरांचे सहा ठिपके झाले. बीडकडचं एक जोडपं होतं, बांधकामावरचं, त्यांची आजी गावाहून खास काजळ घेऊन आली. झाडूवाली रोज काच पुसायची आणि रोज सगळ्या आज्या रांगेनं एक डोळा मिटून पुन्हा लावायच्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आबांनी हिंदीत सांगितलं की मॅडम, निशाणी है, किसका बच्चा किधर है. मॅडमना ते फार व्यवस्थित वाटलं.

आणि मग एक दिवस आतला एक दिवा बिघडला. सिस्टरनी पेट्या सरकवल्या. आमची तीन नंबर गेली कोपऱ्यात आणि बीडवाल्यांची पाच नंबर आली आमच्या ठिपक्यासमोर. दुपारी सासूबाई येऊन बघतात तर आमचं काजळ त्यांच्या नातवाला! आणि आमची पोर उघडी. झालं. सासूबाई म्हणतात, तुम्ही मुद्दाम सरकवायला लावलीत. बीडची आजी म्हणते, आमच्या पोराला तुमचं काजळ कशाला पाहिजे, आमचं चार दिवसांचं काजळ वाया गेलं त्याचं बोला. दोघींनी असा काही पदर खोचला की आतून सिस्टर धावत बाहेर आल्या. आबांनी काय करावं? एक ओलं फडकं घेतलं आणि सहाच्या सहा ठिपके पुसून टाकले. दोन्ही आज्यांचं तोंड उघडं ते उघडंच. मग आबांनी सासूबाईंच्या डबीतलं काजळ मागून घेतलं आणि काचेच्या चारही कोपऱ्यांना एकेक ठिपका दिला. म्हणाले, आता पेट्या नाचवा कुठंही, सगळी पोरं एका चौकटीत. दोघी आज्या त्या दिवशी एकाच डब्यातली भाकरी खाऊन गेल्या.

आबांचं बोलणं सगळं लूमचं होतं. आमच्या पोरांना ते ताके, म्हणजे विणलेल्या कापडाचे तागे, म्हणायचे. ताका बीमावरून जरा लवकर उतरवला इतकंच, म्हणायचे, मापाला कमी शे, विणीला नही. पुढे माप भरतं. हे वाक्य ते नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवायचे, आणि मी किती वेळा ऐकलं तरी मला ते दर वेळी बरं वाटायचं.

आता आबांनी आम्हा बायांसाठी केलेली खोली. आम्हा बायांना दवाखान्यात राहायला जागाच नव्हती. पोर पेटीत आणि आई घरी. नवागामहून दोनदा यायचं, पंधरा मिनिटांसाठी, बाळंतपणाच्या अंगानं. गोडादऱ्याची एक होती, ती रिक्षातच चक्कर येऊन पडली. दूध काढून द्यायचं तर ते जिन्याच्या आडोशाला, कुणी पुरुष आला की पदर ओढायचा. जिन्याजवळ एक कोठी होती, मोडक्या खाटा आणि सलाइनचे वाकडे दांडे भरलेली. आबांनी त्या खाटा रोज एक एक करून गच्चीवर नेल्या. कुणी विचारलं की त्यांना ऐकू यायचं नाही. आठवडाभरात कोठी रिकामी. मग रविवारी काचेतून पोर बघायला आलेल्या बापांना त्यांनी रांगेत उभं केलं. सगळे लूमवाले. आबांनी हातानं खूण करायची आणि त्यांनी समजायचं. कुणी खात्यातून डागाळलेलं कापड आणलं, त्याचे पडदे झाले. कुणी सतरंजी आणली, आमच्या यांनी पाण्याचा माठ आणला, बीडच्या मिस्त्रीनं खिडकीची मोडकी फळी ठोकून बसवली. एका सोमवारी डॉक्टरीणबाई जिना चढून येतात तर कोठीच्या जागी खोली, आणि आत सहा बाया पाय पसरून बसलेल्या. त्या काही बोलायच्या आत आबांनी त्यांना आत नेऊन बसायला लावलं आणि माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर कुणाला ओरडता येतं?

त्या खोलीचे नियम आबांचेच. दारात चप्पल. खोलीत मिश्री नाही, हे खास सासूबाईंसाठी. आणि सगळ्यात मोठा नियम, कुणी कुणाला पोराचं वजन विचारायचं नाही. बायांची जात, दुसरं काय विचारणार? तुझं किती वाढलं, माझं वीस ग्रॅम, अगं माझं उतरलं, की लगेच एकीच्या डोळ्यांत पाणी. कुणी विचारलेलं आबांना दाराबाहेरून दिसलं की ते मुंडकं आत घालून म्हणायचे, वजन सोन्याचं विचारा, पोरांचं नाही.

आता खरं सांगते. त्या खोलीत मी सगळ्यांत शहाणी समजली जायचे, कारण मी रडत नसे. पण मी पोरीला हातच लावला नव्हता. सतरा दिवस. पेटीच्या भोकातून हात घालायची परवानगी होती, सिस्टर म्हणायच्या लाव हात, आणि मी म्हणायचे माझे हात गार आहेत. रोज गार. मला वाटायचं, हात लावला की ती माझी होईल आणि मग गेली तर मला सोसायचं नाही. नाव नाही, स्पर्श नाही, म्हणजे पुढे काही झालंच तर कमी दुखेल असा माझा हिशेब होता. हे मी यांनाही सांगितलं नव्हतं.

अठराव्या दिवशी पोरीचं बिनसलं. सकाळी पंधरा मिनिटांना गेले तर ती निपचित, रंग राखेसारखा, नळीतलं दूध बंद केलेलं. सिस्टरनी मला बाजूला केलं. बाहेर सासूबाई तयारच होत्या. त्यांचं आधीपासून चाललं होतं की सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीनं असं उंबऱ्याबाहेर फिरू नये, ही फिरते म्हणून पोरीला झालं. त्यांनी यांना रिक्षा आणायला पाठवलं. म्हणाल्या, घरी चल, इथं बसून काय बघणार आहेस? आणि मी, देवाशपथ, मी जायला उठले. मला पळायचंच होतं. पिशवी उचलली, खोलीच्या दारात पायांत चप्पल घातली.

अकराचा राउंड चालला होता. आबा फटीशी उभे होते. त्या दिवशी एक नंबर झाला, दोन नंबर झाला, आणि तीन नंबर आलाच नाही. बाकड्यावरच्या बाया त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग आबा वळले, जिन्यापाशी आले आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"चाल, पोरी. डाक्टरनी तुले मझार बलायेल शे. हात धू."

मझार म्हणजे आत. मला डॉक्टरांनी आत बोलावलं होतं. सासूबाई काही बोलायला गेल्या, आबांना ऐकू आलं नाही. त्यांनी मला नळाशी उभं केलं आणि त्या दिवशी एकदाच हात धुवायला लावले. दार उघडून आत ढकलल्यासारखंच केलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला कोणी बोलावलं? मी म्हटलं, तुम्हीच ना? त्यांनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी काचेकडे पाहिलं. बाहेर आबा हाताची घडी घालून ताठ उभे. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः एक स्टूल ओढून तीन नंबरपाशी ठेवलं.

मी हात आत घातला. एवढंसं डोकं, माझ्या तळव्यात मावलं. हात गार नव्हते हो, कधीच नव्हते. मी तिला काय काय सांगत बसले ते इथं सांगत नाही. पंधरा मिनिटांनी कोणी मला उठवलं नाही. दुपारी सिस्टरनी चहा आणून दिला. सासूबाईंना रिक्षानं घरी सोडून पाळीवर गेलेले हे संध्याकाळी परत आले तेव्हा मी तशीच बसले होते, आणि पोरीची छाती वरखाली होत होती. रात्री बाहेर काढलं, मी आबांनी केलेल्या बायांच्या खोलीत झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पुन्हा सांगितलं, बोलावलंय. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई मला बघून म्हणाल्या की आज तर मी खरंच बोलावणार होते. मला त्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, गंमत करतायत.

माझ्या हातानं पोर बरी झाली असं मी म्हणत नाही. औषधं होती, सिस्टर होत्या, डॉक्टरीणबाई तर दोन दिवस घरी गेल्या नव्हत्या. पण त्यानंतर आयांना दिवसभरात हवं तेव्हा आत बसू द्यायचं असं त्यांनीच ठरवलं, आणि पंधरा मिनिटांचा कागद दारावरून काढला. बीडच्या बाईनं स्टुलावर जाऊन बसल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर आमच्या पोरीचं वजन विचारलं. बाहेरून काचेवर टकटक झाली.

एक्केचाळिसाव्या दिवशी आम्हाला सुट्टी मिळाली. सासूबाईंनी टोपडं शिवून आणलं होतं, ते पोरीच्या नाकावर येत होतं. सिस्टर मला औषधं कशी द्यायची ते समजावत होत्या, आणि बोलता बोलता हसून म्हणाल्या की बेन, तुमचा तो दादा मोठा खोटारडा आहे. मी म्हटलं, कोण? त्यांनी काचेबाहेरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं. अठराव्या दिवशी मला कोणीही बोलावलं नव्हतं. डॉक्टरीणबाई तीन नंबरच्या पेटीपाशी एवढंच म्हणाल्या होत्या की ही आजची संध्याकाळ काढेल असं वाटत नाही, घरच्यांना कल्पना देऊन ठेवा.

मी पोरीला आणखी घट्ट धरलं. सगळं झालं होतं, पोर माझ्या खांद्यावर होती, दोन किलोच्या जवळ भरली होती, तरी धरलं. मग मला राग आला, असा राग की विचारू नका. मी तशीच बाहेर आले. आबा स्टुलावर बसून एका नव्या बाईला ताक्याचं माप समजावत होते. ती बिचारी हुंदके देत ऐकत होती. मी म्हटलं, आबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले, म्हणजे त्यांना माझं तोंड बघावंच लागलं. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्हाला दिसलं होतं. दिसूनसुद्धा मला आत पाठवलंत. आणि ती माझ्या हातातच गेली असती तर?

आबांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत घातला. पोरीच्या टोपड्याची दोरी सुटली होती तिच्याकडे बघत म्हणाले,

"मंग ती एकली नही जाती, माय."

मग एकटी गेली नसती. एवढंच. आणि ते परत त्या नव्या बाईकडे वळून बोलू लागले.

मी जिना उतरायला लागले. आठदहा पायऱ्या उतरले असेन, पुढे जाववेना. तिथंच पायरीवर बसले आणि एक्केचाळीस दिवसांचं सगळं एकदम, मोठ्यानं रडले. खालून सासूबाई धावत वर आल्या, त्यांना वाटलं पोरीला काही झालं. त्यांनी टोपडं वर केलं. पोर जांभई देत होती. सासूबाई मटकन माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, अगं, मग रडतेस कशाला? मी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज न येता नुसते ओठ हलले, एकटी गेली नसती. वर पाहिलं तर कठड्याशी आबा उभे. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. जरा वेळ बघून त्यांनी मान हलवली, काचेकडे गेले आणि अकराच्या राउंडसाठी पडदा लावायची आत खूण केली.